करंजमाळाचे तेहतीस गुण

मुलामुलींच्या पत्रिका जुळवणं लोकांनी जवळजवळ सोडून दिलं, आणि नेमकं त्याच सुमारास सरकारने जमिनीची पत्रिका काढायला सुरुवात केली. कागदोपत्री तिचं नाव 'स्थळधोका मूल्यांकन प्रमाणपत्र' असं भारदस्त होतं. पण त्यात छत्तीस कसोट्या होत्या आणि प्रत्येकीला एक गुण होता, त्यामुळे लोकांनी पहिल्याच महिन्यात तिचं बारसं करून टाकलं. चोवीसच्या खाली गुण आले की त्या जागेवर घर नाही, शाळा नाही, गुरांचा गोठासुद्धा नाही. डोंगरातली गावं एकमेकांना फोन करून विचारू लागली, "काय, तुमच्या माळाचे किती जुळले?"

करंजमाळाचे तेहतीस जुळले. ही बातमी वासंती सुर्वेला पेढ्यासकट कळली.

"मृणालम्याडमनी पाठवलेत," शिपाई म्हणाला. "आख्ख्या हापिसाला. तुमच्यासाठी वेगळा बॉक्स आहे."

वासंतीने पेढा खाल्ला. तो चांगला होता, याचाही तिला राग आला.

वासंती या सरकारी कार्यालयात भूवैज्ञानिक होती. वय चौपन्न, गुडघे सत्तरीचे, आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाचे सगळे डोंगर पायाखालचे. यंत्र येण्याआधी अठ्ठावीस वर्षं घरांसाठी जागा बघायचं काम तीच करत होती. हातोडी, होकायंत्र, पाण्याची बाटली आणि एक वही. उकिडवी बसून ती मातीची चिमूट तोंडात टाकायची, कारण चिकण माती दातांखाली करकरत नाही आणि दुसरी करकरते. गावं तिच्या 'हो'वर घरं बांधायची आणि तिच्या 'नाही'वर तिच्याशी भांडायची. आता तिच्याकडे सही उरली होती. पत्रिकेच्या तळाशी 'स्थानिक भूवैज्ञानिक: पाहिले' असा एक चौकोन असायचा, तेवढा तिचा.

बाकी सगळी पत्रिका मृणाल देवस्थळीची. आणि मृणालचा वासंतीला हेवा वाटायचा. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. तो इतका जुना आणि इतका रोजचा होता, की सकाळी चष्मा शोधावा तसा तो तिला उशाशीच सापडायचा.

दोघी पुण्यात वसतिगृहाच्या एका खोलीत चार वर्षं राहिलेल्या. तेव्हा मृणालला गारगोटी आणि काच यांतला फरकसुद्धा कळत नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशी वासंतीने तिला पलंगावर दगड मांडून एकेक ओळखायला शिकवला होता. पुढे मृणाल परदेशी गेली, दगड सोडून लेझरच्या मागे लागली, आणि पंधरा वर्षांनी परत आली ती 'भूश्राव' नावाचं हे यंत्र घेऊन. एखाद्या परक्या माणसाचं यश वासंतीने पचवलं असतं. पण हिला तिने दगड शिकवले होते!

यंत्र होतं मात्र खरंच हुशार. एखाद्या माळावर घरं बांधायची ठरली की मृणालची माणसं तिथे आणि वरच्या उतारावर हातभर खोल चर मारून काचेच्या तंतूची केबल पुरायची. आपल्या घरी इंटरनेट येतं तसलीच. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचे ठिपके सोडले जायचे. काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला थोडा प्रकाश मागे फिरतो. जमीन केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी ताणली, तरी त्या मागे फिरणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. म्हणजे दर मीटरला एक कान. कोकणच्या किनाऱ्यावर लाट आपटली की तिची धडधड साठ-सत्तर किलोमीटर आत, डोंगराच्या पोटात पोचते, आणि पाणी मुरलेल्या मातीतून ती जरा रेंगाळत जाते. पावसाळाभर ही धडधड ऐकत बसलं, की मातीत कुठे किती पाणी साठतंय ते कळतं. पाणी साठलं की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, आणि पुरेसे सुटले की डोंगर चालायला लागतो. दोन वर्षं ऐकून झालं की मॉडेल त्या जमिनीवर पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस पाडून बघायचं. आताचा पाऊस नव्हे. हवा तापल्यावर दोन दिवसांत महिन्याचा कोसळतो तो पाऊस.

आणि हे ऐकलेलं समजावं कसं, हे मॉडेल शिकलं होतं वासंतीच्या वह्यांवरून. एकेचाळीस वह्या तिने स्वतःच्या हाताने मृणालला दिल्या होत्या. "ने की, नाहीतर वाळवी खाईल," असं म्हणून. मृणाल प्रत्येक भाषणात सांगायची, "हे सगळं माझ्या मैत्रिणीच्या पायांवर उभं आहे." मग सभागृह टाळ्या वाजवायचं, आणि त्या मृणालला मिळायच्या. ती खोटी असती, हलकट असती, तर वासंतीचं काम किती सोपं झालं असतं.

सावरकोंड ही बासष्ट घरांची वाडी डोंगराच्या एका अंगाला, कड्याच्या खाली होती. कड्याला चार वर्षांपूर्वी भेग गेली. ती दर पावसाळ्यात बोटभर रुंदावत होती, तेव्हा वाडी हलवणं भागच होतं. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, वाडीच्या भातखाचरांच्या खाली, करंजमाळ होता. तिथे पत्रिकेची वाट न बघता बासष्ट नवी घरं आधीच उभी राहिली होती. तीस मेला जनसुनावणी, तिथे वासंतीची सही, आणि दोन जूनला किल्ल्या. वरची खाचरं गावाने वनखात्याला सोडून द्यायची, असा करार होता.

वासंतीने फाइल घरी नेली. तिला चूक हवी होती. माणूस देवाकडे मूल मागतो तशी ती चूक मागत होती, आणि आपण तसं करतोय हे तिला माहीत होतं.

तिने जुन्या पद्धतीने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. करंजमाळाच्या वरचा उतार एवढा, पाऊस एवढा, तर माळाखाली इतकं पाणी मुरायला हवं. यंत्र म्हणत होतं, निम्मंसुद्धा मुरत नाही. का? तर यंत्राचा निष्कर्ष तयार होता: 'खाली भेगाळ खडक. निचरा उत्तम.' याच एका वाक्यावर बारा कसोट्यांचे गुण मिळाले होते.

वासंती त्या उतारावर पन्नास वेळा चालली होती. खाली जांभा, त्याच्याखाली पांढरट चिकण माती. भेगाळ खडक कुठला आलाय तिथे? मग पाणी गेलं कुठे?

स्थानिक भूवैज्ञानिकाला मूळ ध्वनिमुद्रण मागण्याचा हक्क होता. तो आजवर कुणी वापरला नव्हता. वासंतीने वापरला, आणि एकवीस मेच्या रविवारी दुपारी पंखा मोठा करून ती कानाला हेडफोन लावून बसली. स्वच्छ केलेला आवाज तिने ऐकलाच नाही. तिने यंत्राने टाकून दिलेला आवाज मागवला होता. भूश्राव माणसांचे, गुरांचे, गाड्यांचे आवाज आधी बाजूला काढायचं. त्या कप्प्याला मृणालच्या माणसांनी नाव दिलं होतं 'उपरा आवाज'. जमिनीशी त्याचा संबंध नाही, म्हणून.

उपऱ्या आवाजात शेळ्या होत्या. क्रिकेट होतं. एका लग्नाचा बँड होता आणि त्याच्यासमोर नाचणाऱ्यांचे पाय होते. आणि गेल्या वर्षीच्या पंचवीस मेला सकाळी सात ते अकरा, केबलच्या सगळ्यात वरच्या फाट्यावर, धप, धप, धप. पन्नास-साठ हत्यारं एकाच वेळी जमिनीत घुसत होती. वासंतीने त्याच्याही आदल्या वर्षीचा पंचवीस मे लावला. धप, धप, धप. सात ते अकरा.

सोमवारी सकाळी ती सावरकोंडला गेली.

वाडी निघायच्या तयारीत होती. दारादारांत बोचकी, उलथी घातलेली पिंपं, कौलं उतरवून रचलेली. सुगंधा उतेकर, वाडीची सरपंच, एका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होती. चाळिशीची, सडसडीत, आवाज डोंगराच्या पलीकडे जाईल असा.

"बाई, तुमी? या, या. बसाय काय देऊ, खुर्च्या सगळ्या बांधल्यात!"

"उभीच बरी आहे. सुगंधा, पंचवीस मेला वर खाचरांच्या वर काय असतं तुमचं?"

"चर!" सुगंधा म्हणाली. "रोहिण लागली की चर उघडायचा. घरटी एक माणूस. ज्याच्या घरनं कोन न्हाय आला, त्यानं सगळ्यांची जेवनं करायची. तुमाला ठाऊक न्हाय? तुमी जेवलायसा की आमच्यात!"

"दाखवशील?"

पाऊण तास चढून त्या वर गेल्या. खाचरांच्या वरून, डोंगराच्या पोटाशी, दगडांनी बांधलेला कमरेइतका खोल चर आडवा गेला होता. तो पुढे वळून डोंगराच्या मागच्या ओढ्यात उतरत होता. वरून येणारं सगळं पाणी खाचरांत न शिरता मागच्या मागे जावं, म्हणून कुणा खापरपणज्याने तो खणला होता. वर्षभरात तो मातीने, पाल्याने भरायचा. आताही काठोकाठ भरलेला होता.

वासंती चराच्या काठावर उकिडवी बसली. भेगाळ खडक हा होता. करंजमाळ कोरडा राहत होता, कारण बासष्ट घरांतली माणसं दर वर्षी चार तास कुदळ मारत होती. यंत्राने त्यांच्या कुदळी ऐकल्या, उपरा आवाज म्हणून फेकून दिल्या, आणि त्यांच्या कष्टाचे गुण खडकाला देऊन टाकले.

"यंदा कधी उघडणार?" तिने विचारलं.

"यंदा कशाला?" सुगंधा हसली. "खाचरं गेली सरकारला. आता हितं आमचं काय ऱ्हायलंय? पंचवीसला तर अकरा घरं सामान घेऊन म्होरं चाललीत माळावर. म्हातारी मानसं आदी नेतो, म्हंजी किल्ल्यांच्या दिवशी वढाताण नको. तलाठी म्हनला, जावा."

इथे वासंतीने तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं: सुगंधा, जाण्याआधी चर उघडून जा. पाचच शब्द.

पण तिच्या डोळ्यांसमोर सुनावणीचं सभागृह उभं राहिलं होतं. प्रांतसाहेब, पत्रकार, पहिल्या रांगेत मृणाल. आणि आपण उठतोय. आज सुगंधाला सांगितलं तर संध्याकाळी ते मृणालला कळेल. ती दोन दिवसांत मॉडेल सुधारेल, आणि तीस तारखेला व्यासपीठावरून सांगेल की यंत्र आता माणसांच्या रूढीसुद्धा ऐकतं. टाळ्या! आठ दिवसांनी काय बिघडतंय? पाऊस दहा जूनशिवाय येत नाही.

"बरं," वासंती म्हणाली. "चल, उतरू या."

उतरताना ती गाणं गुणगुणत होती. कितीतरी वर्षांनी.

पंचवीस मे आला आणि गेला. त्या सकाळी सात वाजता वासंती चहा पिताना घड्याळाकडे बघत होती. अकरा वाजता तिने पुन्हा बघितलं. मग ती कामाला लागली.

अठ्ठावीसला दुपारी मृणाल जेवायला आली. पुण्याहून येताना तिने वासंतीला आवडतात म्हणून अळूवड्यांची पानं आणली होती, आणि स्वयंपाकघरात उभी राहून ती स्वतःच पानांच्या शिरा काढू लागली. केस पांढरे, अंगावर साधा सुती कुडता, आणि तिच्या नावावर दोन देशांचे पुरस्कार. वासंती बेसन कालवत होती.

"वासू, एक विचारू?" मृणाल म्हणाली. "तू मूळ मुद्रण मागवलंस, मला बरं वाटलं गं. कुणी मागवतच नाही. तेहतीस म्हटलं की सगळे माना डोलावतात. मला त्याचीच भीती वाटते. तुला काही खटकलं का?"

हा प्रश्न तिने इतक्या सरळपणे विचारला, की वासंतीच्या हातातला पळा थांबला. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं.

"नाही," वासंती म्हणाली. "छान आहे सगळं."

"नक्की?"

"नक्की. चिंच जास्त झाली का बघ."

मृणालने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "नाही. झकास." तिने विश्वास ठेवला होता, चिंचेवर आणि मैत्रिणीवरही. वासंतीला त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला तितका पुरस्कारांच्या वेळीही वाटला नव्हता, कारण असा विश्वास ठेवता येणं ही गोष्ट वासंतीकडे कधीच नव्हती.

पाऊस त्याच संध्याकाळी सुरू झाला, ठरल्यापेक्षा तेरा दिवस आधी. वेधशाळेने वळीव म्हटलं. रात्रभर पडला, सकाळी पडतच होता.

एकोणतीसला वासंती आपल्या वह्यांच्या प्रती काढून बसली. सभेत फक्त 'चर आहे' म्हणून भागणार नव्हतं. 'मला तो आधीपासून ठाऊक होता' हे दाखवायचं होतं. आपण पन्नास वेळा तिथे गेलो, कुठेतरी लिहिलेलं असणारच. तिने सावरकोंडची सगळी पानं काढली. जांभ्याची जाडी होती, चिकण मातीचा रंग होता, झऱ्यांच्या जागा होत्या. चर नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर मात्र हे सापडलं:

'२५ मे. काम बंद. गावकरी वर खणत आहेत, सोबतीला कुणी नाही. जेवण त्यांच्यातच. नाचणीची भाकरी, सुकट. दिवस फुकट गेला.'

तिने ते पुन्हा वाचलं. दिवस फुकट गेला. चराच्या काठावर बसून, पाय आत सोडून ती जेवली होती, आणि तिने सुकट लिहून ठेवली होती. माणसं काय करतात हे भूविज्ञानात बसत नव्हतं, म्हणून तिने ते वगळलं होतं. तेच यंत्र शिकलं. उपरा आवाज हा कप्पा मृणालने बनवला नव्हता. तो वासंतीच्या वहीतून आला होता.

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. वासंतीने फोन उचलला, सुगंधाचा नंबर काढला, आणि ठेवून दिला. उद्याच तर सुनावणी, उद्या सकाळी अकराला सांगायचंच आहे. तिने तो फोन का केला नाही, याचं उत्तर तिने नंतर स्वतःला अनेक प्रकारे दिलं. खरं एवढंच होतं, की आठ दिवस जपून ठेवलेली मिठाई तिच्याच्याने आदल्या दिवशी टाकवेना, ती नासलेली आहे हे कळल्यावरसुद्धा.

तालुक्याच्या सभागृहात ओल्या छत्र्यांचा वास भरला होता. प्रांतसाहेब अध्यक्षस्थानी, बाजूला मृणाल लॅपटॉप उघडून, समोर सावरकोंडची वीस-पंचवीस माणसं. सुगंधा पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून.

"स्थानिक भूवैज्ञानिक म्हणून सुर्वेम्याडम, आपली सहमती आहे ना?" प्रांतांनी पेन पुढे केलं.

वासंती उठली. "नाही," ती म्हणाली. "हे तेहतीस गुण करंजमाळाचे नाहीत. त्यातले निदान बारा सावरकोंडच्या माणसांचे आहेत."

मग तिने चर सांगितला. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुदळी कशा ऐकू आल्या आणि कशा वगळल्या गेल्या. चर भरला की तेच पाणी चिकण मातीवर येऊन थांबतं, आणि माळ त्या मातीवर बसलेला आहे. प्रांतांनी पुढे केलेलं पेन मागे घेतलं. हाच तो क्षण होता. मृणालचा चेहरा उतरलेला होता, आणि तो बघायला वासंतीने आठ दिवस काढले होते. तिने बघितला. तिला काहीच मिळालं नाही.

"आणि ही चूक यंत्राची नाही," ती पुढे म्हणाली. हे तिने ठरवलेलं नव्हतं. "यंत्र माझ्या वह्यांवर शिकलं. त्या चरावर बसून मी जेवले आहे, आणि वहीत लिहिलं की दिवस फुकट गेला."

मृणालने एव्हाना लॅपटॉप ओढून घेतला होता. तिची बोटं भराभर चालत होती. "केबल चालूच आहे," ती म्हणाली. "वरचा फाटा... वासू, वरचा फाटा पूर्ण भिजलाय. चाळीस तासांत इतकं पाणी गेल्या दोन वर्षांत कधीच मुरलं नव्हतं." तिने मान वर केली. "साहेब, माळावर आता कुणी राहतंय का?"

"अकरा घरं," सुगंधा म्हणाली. "माजी सासू हाय तितं."

"पाऊस असाच राहिला तर उद्यापर्यंत वेळ आहे. चर मोकळा झाला तर माळ वाचेल. माणसं मात्र आत्ता काढा."

प्रांतांनी फोन लावला. सुगंधाने वाडीला फोन लावला आणि तीन वाक्यांत काम सांगितलं. मग ती निघाली, दारापर्यंत गेली, आणि परत वळून वासंतीसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी आला ती गेल्या सोमवारची गोष्ट. म्या तुमाला चर दावला. तवा तुमाला हे कळलं होतं?"

'शंका' हा शब्द वासंतीच्या ओठांवर आला. शास्त्राच्या माणसाला तो नेहमी हाताशी असतो, आणि कुणी त्याला खोटं म्हणू शकत नाही.

"कळलं होतं," वासंती म्हणाली.

"मंग बोलला का न्हाय?"

"मला ते इथे बोलायचं होतं. सगळ्यांसमोर. हिच्यासमोर."

सुगंधाने मृणालकडे बघितलं, मग वासंतीकडे. तिला ते समजायला थोडा वेळ लागला. शहाण्या, शिकलेल्या बायका असं करत असतील हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं.

"कोरड्या मातीत चार तासांचं काम होतं, बाई," ती शेवटी म्हणाली. "आता चिखलात उतरायचंय आमच्या मानसांनी."

जेसीबी तिथवर चढत नव्हता. साठ-सत्तर माणसं कमरेला दोर बांधून भर पावसात चरात उतरली. वासंतीही गेली. तिला कुणी अडवलं नाही आणि कुणी हत्यारही दिलं नाही. ती हातांनी पाला ओढत राहिली. मृणाल खाली वाडीच्या शाळेत बसून केबल ऐकत होती आणि दर दहा मिनिटांनी फोनवर सांगत होती, कुठल्या बाजूला आधी मोकळं करा. चार वाजता चराचा वरचा काठ ढासळला. सुगंधाचा नवरा शांताराम मांडीपर्यंत दगडांत अडकला. त्याला ओढून काढलं तेव्हा पाय दोन ठिकाणी मोडलेला होता आणि टाच उलटी झाली होती. सहाच्या सुमाराला पाणी मागच्या ओढ्यात वळलं. करंजमाळ चार बोटं सरकला आणि थांबला. तीन घरांच्या ओट्यांना भेगा गेल्या. माणूस कुणी गेलं नाही.

शांतारामच्या पायात सळ्या घातल्या. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण डोंगर चढणार नाही.

जुलैत मृणालने अहवालाचा मसुदा पाठवला. करंजमाळाचे गुण आता वीस होते. पक्का सिमेंटचा चर आणि त्याची देखभाल करणारं पथक कायम ठेवलं तरच सव्वीस. पत्रिकेत सदतिसावा रकाना आला होता: 'या जमिनीसाठी माणसं काय करतात?' यापुढे राज्यभर एकही जागा तो भरल्याशिवाय मंजूर होणार नव्हती. मृणालने त्या दिवसापासून आजवर वासंतीला एका शब्दानेही बोल लावला नव्हता. तिच्या जागी आपण असतो तर हे आपल्याला जमलं नसतं, हे वासंतीला ठाऊक होतं, आणि तिला त्याचाही हेवा वाटत होता. तो काही जाणार नव्हता. चौपन्नाव्या वर्षी असली दुखणी बरी होत नाहीत.

अहवालाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. 'हा मूलभूत दोष श्रीमती वासंती सुर्वे यांनी शोधून काढला.' पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. अठ्ठावीस वर्षं असं एक वाक्य कुठेतरी छापून यावं म्हणून ती झुरली होती.

तिने ते बराच वेळ वाचलं. मग त्याच्यापुढे दोन शब्दसमूह आणि दोन तारखा टाइप केल्या: 'शोधला २२ मे रोजी. सांगितला ३० मे रोजी.' आणि मसुदा परत पाठवला.

दहा मिनिटांत मृणालचा फोन आला.

"वासू, हे कशाला? चौकशी लागेल. नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"अगं, पण कुणी मागितलंय का हे? सुगंधानेसुद्धा तक्रार केलेली नाही."

"म्हणूनच."

तिकडे कुणीतरी दार उघडून आत आलं आणि परत गेलं.

"आणि हे बघ," वासंती म्हणाली, "माझ्या वह्यांतलं तू सगळं स्वच्छ करून घेतलंस, ते ठीक. यातला एक आकडाही स्वच्छ करू नकोस."

मृणालने तो केला नाही. ऑगस्टमध्ये अहवाल छापून आला, तेव्हा दोन्ही तारखा जागच्या जागी होत्या.